टाचा आपल्याकडे, बोटे समुद्राकडे

कॅम्पिंग कारने फिरण्याची कल्पना माझी. निरंजन, म्हणजे माझा नवरा, त्या गाडीला अजूनही ‘हिचं फिरतं कार्यालय’ म्हणतो. साताऱ्याहून माझे वडील, अप्पा, आमच्याकडे, तोक्योजवळच्या उरायासूला, राहायला आले होते. आलेल्या पाहुण्यांना बुलेट ट्रेनच्या खिडकीतून फुजी आणि क्योतोच्या गर्दीतून देऊळ दाखवायचे, हा जो आपल्या मंडळींचा सर्वमान्य कार्यक्रम आहे, तो मला कधीच पटलेला नाही. अशा सहलीत माणूस जपान पाहत नाही, जपान पाहणाऱ्यांची पाठ पाहतो. मला एक लहानसे गाव हवे होते, समुद्रकाठचे, आणि त्या गावात एक संपूर्ण, निवांत दिवस.

दुसरा हेतूही होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. आईला जाऊन वर्ष होत आले होते. अप्पा साताऱ्याच्या घरी एकटेच राहत होते. पुण्यात मी त्यांच्यासाठी एक ज्येष्ठ निवास निवडला होता. डॉक्टर, ग्रंथालय, भोजनगृह, दरवाज्यांची रुंदी, सगळे मी स्वतः तपासले होते. खोली महिनाअखेरीपर्यंत राखून ठेवलेली होती. अप्पांचा होकार तेवढा बाकी होता. घरी विषय काढला की ते उठून बाल्कनीत जात. कॅम्पिंग कारला बाल्कनी नसते.

गाडीबद्दल आधी. आपला भारतीय परवाना जपानी परवान्यात बदलून घेतलेला असेल, तर मध्यम आकाराची कॅम्पिंग कार चालवायला वेगळा परवाना लागत नाही. दिवसाचे भाडे दोन बऱ्या हॉटेलखोल्यांइतके धरावे; सुट्टीच्या मोसमात त्याहून अधिक. गाडीची उंची एका चिठ्ठीवर लिहून ती काचेला चिकटवावी, कारण जुन्या रेल्वेपुलांखाली आणि दुकानांच्या वाहनतळांवर ती आठवत बसायला वेळ मिळत नाही. मुक्कामासाठी ‘मिचि-नो-एकि’ म्हणजे रस्त्याकडेची विश्रांतिस्थाने असतात, पण तिथे फक्त झोपायचे असते. खुर्च्या मांडणे, छत उघडणे, बाहेर शेगडी पेटवणे हे शिष्टाचाराला सोडून आहे. मराठी भाषेत लिहिलेल्या एका प्रवासवर्णनात मी विश्रांतिस्थानाच्या वाहनतळावर भजी तळल्याचा सचित्र वृत्तांत वाचला आहे. त्या छायाचित्रांखाली कौतुकाचा पाऊस होता. असो. वीज हवी असेल, तर पैसे भरून मिळणारे आर.व्ही. पार्क शोधावे. कचरा वर्गवारी करून स्वतःसोबत घरी न्यावा. आणि गाडीत फोडणी करू नये. वास राहिला तर गाडीवाले साफसफाईचे वेगळे पैसे लावतात. मी घरूनच हिंग, मोहरी, कढीपत्त्याची फोडणी करून बरणीत भरून घेतली होती. अप्पा शाकाहारी आहेत, आणि इथे निरुपद्रवी दिसणाऱ्या भाजीतही माशाचे पाणी असते, त्यामुळे स्वयंपाकघर सोबत असणे ही चैन नव्हती, गरज होती.

गाडीत चढतानाच पहिला धडा द्यावा लागला.

“अप्पा, चपला आत घ्या. बाहेर नाही.”

“साताऱ्यात दाराबाहेरच असतात. आजवर कुत्र्यानंसुद्धा नेल्या नाहीत.”

“इथे आत. आणि अशा फेकायच्या नाहीत. जोडी जुळवायची. टाचा आपल्याकडे, बोटं बाहेर. निघताना नुसता पाय घातला की झालं.”

“म्हणजे आल्या आल्या जायची तयारी,” अप्पा म्हणाले. पण त्यांनी वाकून चपला वळवल्या.

त्या कोल्हापुरी चपला हे स्वतंत्र प्रकरण आहे. मी त्यांना उत्तम जपानी बूट घेऊन दिले होते. ते खोक्यात होते, आणि अप्पा पायमोज्यांवर कोल्हापुरी घालून तोक्यो उपसागराच्या काठाने फिरत होते. पाटबंधारे खात्यात सारी हयात काढलेला माणूस. धरणाच्या भिंतीवर जे चालले ते जगात कुठेही चालते, असा त्यांचा सिद्धान्त. तरी जोडी जुळवणे त्यांनी चटकन उचलले. दुसऱ्या मुक्कामी तर त्यांनी आमच्याही चपला ओळीत लावल्या.

निरंजन म्हणाला, “अप्पा, लेक तुम्हाला जपानी करून सोडणार.”

“हिच्या आईला जन्मभर जे जमलं नाही, ते हिनं दोन दिवसांत केलं.”

मला ते कौतुक वाटले.

तोमेइ महामार्गाने नुमाझुपर्यंत आणि तिथून इझु द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याने खाली. शेवटचा टप्पा वळणांचा आहे. कपाटे नीट लावली नाहीत तर भांडी आपापली मते मांडू लागतात. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. तिथे एक बंदर आहे, काळ्या फरशीवर पांढऱ्या चुन्याच्या तिरप्या जाळीने मढवलेल्या भिंतींची एक जुनी गल्ली आहे, आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाइनच्या झाडांनी झाकलेले एक बेट आहे. ओहोटीला त्या बेटापर्यंत दगडगोट्यांची वाट उघडी पडते आणि भरतीला पुन्हा बुडते. वेळापत्रक पर्यटन कार्यालयाच्या खिडकीवर लावलेले असते. मी ते घरीच पाहून ठेवले होते. सकाळची ओहोटी आम्ही न्याहारीत घालवणार होतो. संध्याकाळच्या ओहोटीला, सूर्य मावळताना, मी अप्पांना त्या वाटेने नेणार होते. त्यांना सांगितले नव्हते. पाण्यातून उघडणारी वाट पाहून ते काय म्हणतील, याची मला उत्सुकता होती. आणि खरे सांगायचे तर, होकार मी तिथेच मिळवणार होते.

पण मला संध्याकाळपर्यंत धीर धरवला नाही. न्याहारीला पोहे होते.

“अप्पा, खोली महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवलीय त्यांनी.”

“असू दे.”

“असू दे म्हणजे हो का नाही?”

“म्हणजे पोहे चांगले झालेत.”

निरंजनने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला कळतो, आणि मी तो सहसा मानत नाही.

“तुम्ही साताऱ्यात एकटे राहणार,” मी म्हणाले, “आणि एक दिवस शेजारपाजारची माणसं दार तोडून आत येतील. तेव्हा मी इथे असेन.”

अप्पांनी ताटली पुसून घेतल्यासारखी स्वच्छ केली आणि खाली ठेवली. “दार तोडावं लागणार नाही,” ते म्हणाले. “तुझी आई गेल्यापासून मी कडी लावत नाही.”

मग ते उठले. “जरा पाय मोकळे करून येतो.”

“समुद्रापर्यंतच जा. फोन सायलेंटवर ठेवा. आणि कुठे काही लागलं तर मोठ्यानं हाका मारू नका, इथे चालत नाही ते.”

“बरं.”

माझे वडील एका शब्दात कधीही सहमत होत नाहीत. धरणाच्या कंत्राटदारांशी त्यांनी वर्षानुवर्षे वाद घातले, आईशी भाजीच्या मिठावरून घातले, माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणावर तर त्यांनी साताऱ्याहून शेरे लिहून पाठवले होते. ते नुसते ‘बरं’ मला खटकले. तरी मी कपड्यांची पिशवी उचलली आणि नाण्यांवर चालणाऱ्या धुलाईकेंद्राकडे निघाले. ठरल्याप्रमाणे निरंजन पाण्याची टाकी भरायला थांबला.

यंत्र फिरत असताना मी ती जुनी गल्ली पाहिली. गल्ली सुंदर आहे आणि सुदैवाने अद्याप कुणी तिच्यात रंगीत छत्र्या टांगलेल्या नाहीत. चुन्याची जाळी हाताने उंचावून केलेली असते. जवळून पाहिले तर प्रत्येक रेषेचा फुगवटा किंचित निराळा. एका दुकानात मिठात मुरवलेल्या साकुराच्या पानांत गुंडाळलेला तांदळाचा गोड मोचि मिळाला, तोही अंडे किंवा मासळी नसलेला, म्हणून अप्पांसाठी दोन घेतले. रस्त्यात कुणी नव्हते. एक मांजर, एक टपालाची दुचाकी, कुठेतरी रेडिओ. मी याच शांततेसाठी आले होते, आणि त्या शांततेत मला सारखे एकच वाक्य ऐकू येत होते: मी कडी लावत नाही.

कपडे वाळवून मी परतले, तेव्हा निरंजन नळी गुंडाळत होता.

“अप्पा?”

“आले नाहीत अजून.”

गाडीच्या दाराशी निरंजनचा दुसरा जोड होता आणि नव्या बुटांचे खोके; कोल्हापुरी नव्हत्या. त्यांचा फोन मी लावला. तो फक्त गाडीतल्या वायफायवर चालतो, हे मलाच ठाऊक होते, तरी लावला.

समुद्रापर्यंत चालायला फार वेळ लागत नाही. धक्क्याच्या टोकाला मासळी वाळवण्याच्या जाळ्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वर, पांढरा अंगरखावजा ॲप्रन घातलेली एक वृद्धा उभी होती. ती समुद्राकडे पाहत नव्हती, स्वतःच्या पायांजवळ पाहत होती. तिथे कोल्हापुरी चपला होत्या. जोडी जुळवलेली. टाचा आमच्याकडे, बोटे समुद्राकडे. पायमोजे घडी घालून आत ठेवलेले.

जपानमध्ये काही वर्षे राहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. न राहिलेल्यांसाठी सांगते. इथे जीव द्यायला निघालेला माणूस पादत्राणे काढून नीट जुळवून ठेवतो, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. पाण्याच्या काठावर एकटी, व्यवस्थित जोडी दिसली, की लोक तिला हात लावत नाहीत. आधी पोलिसांना कळवतात.

“तुमच्या ओळखीच्या आहेत?” वृद्धेने विचारले. आवाज अगदी मऊ होता. तो मऊपणा मला सहन झाला नाही.

“वडिलांच्या आहेत.”

तिने माझ्या दंडाला धरले आणि सोडलेच नाही. “चुझाइ-सानना कळवलंय,” ती म्हणाली. चुझाइ-सान म्हणजे गावात चौकीतच राहणारा पोलीस. तो दुचाकीवरून आलाच. तरुण होता. त्याने शिरस्त्राण काढून मान लववली, मग वय, उंची, कपडे विचारले. मी अचूक सांगितले: राखाडी स्वेटर, डाव्या कोपराला रफू, तपकिरी पँट, चष्मा, जाड काडीचा. त्याने लिहिलेल्या एका वाक्यात आदरार्थी क्रियापद चुकले होते, ते मी दुरुस्त केले. त्याने मुकाट्याने खोडून पुन्हा लिहिले आणि विचारले, “अलीकडे घरी काही झालं होतं का?”

“नाही,” मी म्हणाले.

निरंजन मागून धावत आला होता. त्याने पुन्हा सकाळसारखे माझ्याकडे पाहिले.

“आईला जाऊन वर्ष होईल,” मी म्हणाले. “आणि आज सकाळी मी त्यांना एक गोष्ट बोलले.”

“काय, ते सांगायची गरज नाही,” पोलीस म्हणाला, आणि फोन कानाला लावून थोडा लांब गेला.

इथल्या प्रत्येक गावात खांबांवर कर्णे असतात. भूकंप, त्सुनामी, आणि एरवी संध्याकाळी मुलांना घरी बोलावणारी धून, यांसाठी. थोड्याच वेळात ते सगळे एकदम वाजले. वृद्ध गृहस्थ बेपत्ता आहेत, परदेशी, राखाडी स्वेटर, डाव्या कोपराला रफू. माझीच वाक्ये, माझ्याच आदरार्थी क्रियापदासह, डोंगरावर आपटून उशिराने परत येत होती. दारे उघडली. जिथे सकाळभर मांजराशिवाय कुणी नव्हते, तिथे लोक बाहेर आले, धक्क्यावर पसरले, होड्यांच्या मागे डोकावू लागले. कुणी मोठ्याने बोलत नव्हते. बंदरातून एका होडीचे इंजिन सुरू झाले. मी पाण्याकडे पाहत होते आणि पाणी अगदी सपाट होते.

“ते बेट,” निरंजन म्हणाला. “तिथे काय आहे?”

मी वृद्धेला विचारले. ती म्हणाली, मागच्या अंगाला, समुद्राकडे तोंड करून, एक छोटे देऊळ आहे; त्याची कमान तेवढी इकडच्या काठाला, झाडांत. पण तिकडे गेले नसतील, असेही तीच म्हणाली. वाट शिंपल्यांनी भरलेली असते, पाय कापतात. बेटावर जाणारा माणूस कधी बूट काढत नाही.

मी हे निरंजनला मराठीत सांगितले.

“देऊळ आहे ना?” तो म्हणाला. “मग काढल्या असतील चपला.”

मी त्याच्याकडे पाहिले. इतके साधे होते ते. सकाळी वाट उघडी होती. अप्पांना पलीकडे देवळाची कमान दिसली असणार. आणि देवाच्या वाटेला लागताना साताऱ्याचा माणूस काय करतो, हे त्या धक्क्यावर फक्त आम्हा दोघांना ठाऊक होते. मी मात्र त्या चपला गावकऱ्यांच्या डोळ्यांनी पाहत होते.

तरीही ते केवळ अनुमान होते. झाडांआडून काही दिसत नव्हते, आणि इतके कर्णे वाजूनही त्यांचे उत्तर आले नव्हते.

मी पायऱ्या उतरून पाण्यात उभी राहिले आणि ओरडले. “अप्पा!” मग पुन्हा. साताऱ्याला गच्चीवरून खालच्या आळीत मारायचो तशी हाक. शेजारची माणसे दचकून मागे सरली. तिसऱ्या हाकेनंतर झाडांमागून कुणीतरी, मुळीच घाई नसलेल्या स्वरात, उत्तर दिले.

“काय गं?”

होडी त्यांना घेऊन आली, तेव्हा ते फळीवर ताठ बसले होते, सभेला आलेल्या अध्यक्षासारखे. तळपाय शिंपल्यांनी कापले होते. दर्शन घेऊन वळेपर्यंत वाट बुडाली होती, मग ते देवळाच्या पायरीवर बसून राहिले. पाणी पुन्हा ओसरणारच; हिशेब सोपा होता.

“आयुष्यभर पाणी अडवलं,” ते म्हणाले, “आज त्यानं मला अडवलं.”

“हाक का नाही मारलीत?” मी विचारले.

“तूच म्हणालीस, मारायची नाही.”

“आणि ते कर्णे? एवढं सगळं गाव ऐकत होतं.”

“ऐकलं की. मला वाटलं पाणीपट्टीची शेवटची तारीख असेल.”

निरंजन हसू लागला आणि त्याला ते आवरेना. पोलिसाने काय झाले विचारले, तेव्हा मी भाषांतर केले, आणि तोही तोंड फिरवून उभा राहिला. मग त्याने अप्पांच्या पायांना औषध लावायला स्वतःची पेटी आणली.

अप्पा पायऱ्या चढून येईपर्यंत त्या वृद्धेने एक गोष्ट केली. इतका वेळ ज्यांना बोट लावले नव्हते, त्या चपला तिने दोन्ही हातांनी उचलल्या आणि वळवून ठेवल्या. बोटे जमिनीकडे.

“बघ,” अप्पा मला म्हणाले, “किती आदब. चपलासुद्धा घालायला सोप्या करून ठेवल्या.” आणि त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. तिने त्यांना जपानीत बरेच काही सुनावले. त्याचे भाषांतर मी केले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोड पदार्थांचे डबे घेऊन आभार मानायला गेलो. प्रवासात अशी वेळ आली तर हे लक्षात ठेवावे: पोलीस भेटवस्तू घेत नाहीत, आग्रह करू नये, नुसते मान लववून यावे. वृद्धेने डबा घेतला आणि उलट निरंजनला वाळवलेले मासे दिले. फोडणीचा वास लागू नये म्हणून मी इतकी दक्षता घेतली होती. गाडीला शेवटी मासळीचा लागला. संध्याकाळच्या ओहोटीची ती वाट आम्ही पाहिलीच नाही.

परतीच्या वळणांवर, निरंजन गाडी चालवत असताना, मी अप्पांना त्या चपलांचा अर्थ सांगितला.

“तुला खरं वाटलं तसं?”

“हो.”

“माझ्याबद्दल?”

“पोहे खाताना तुम्ही जे बोललात, त्यानंतर वाटलं.”

“कडीचं?” त्यांनी मान हलवली. “अगं, कडी लावत नाही, कारण रात्री उठून दार उघडायला मला वेळ लागतो. कुणी आलं तर ताटकळू नये. एवढंच.” आणि पुढे म्हणाले, “पण तू जे बोललीस ते खोटं नव्हतं. कुणाला तरी कळायला हवं.”

“मग पुण्याची खोली?”

“ती तू बघितलीस. मला दाखवली नाहीस. दाराची रुंदी मोजलीस म्हणे.” मग त्यांनी विचारले, “तिथून अजिंक्यतारा दिसतो का?”

दिसत नाही. ते मी तपासले नव्हते.

उरायासूला पोचल्यावर मी पुण्याला फोन करून ती खोली सोडून दिली. अप्पांचे मत बदलले नाही आणि, स्पष्टच लिहिते, माझेही नाही. एकट्याने राहणे या वयात शहाणपणाचे नाही, असे मला आजही वाटते. पण त्यांनी स्वतःहून एक करार सुचवला. रोज सकाळी फिरून आले की ते मला एक छायाचित्र पाठवतील. चेहऱ्याचे नाही, त्यात ते कधी नीट येत नाहीत. दाराबाहेर काढलेल्या चपलांचे. चपला दाराशी म्हणजे माणूस घरात.

गाडी परत केली, वासाचे पैसे भरले, अप्पा साताऱ्याला गेले. छायाचित्रे नेमाने येतात. एक चप्पल पायरीवर, दुसरी तुळशीकडे तोंड करून. कधी एक उलटीही पडलेली असते. चप्पल उलटी पडली तर घरात भांडण होते म्हणतात, मी लिहिते, “आज कुणाशी?” आणि ते उत्तर देतात, “तुझ्याशी, अजून व्हायचंय.” शिस्त म्हणून जे जे मी शिकवले, त्यातले काहीच त्यांनी साताऱ्यापर्यंत नेले नाही, आणि रोज, त्यांच्या सकाळी आणि माझ्या दुपारी, ऑफिसची गाडी पकडताना तो अस्ताव्यस्त जोड पाहून माझा श्वास मोकळा होतो.

गेल्या आठवड्यात छायाचित्र आले, त्यात चपला जुळवलेल्या होत्या. अगदी सरळ. मी फलाटावरच उभी राहून फोन लावला. फलाटावर मोठ्याने बोलत नाहीत, मी बोलले.

“अप्पा? चपला अशा का आहेत?”

“अगं, कामवाली झाडून गेली,” ते म्हणाले. “थांब, विस्कटतो.”